कोरोनावर औषध कोणतं, यापेक्षा ते कोणाला आणि कितव्या दिवशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ६८ वर्षांची, मधुमेही. मुलगा चाळिशीतला, एरवी ठणठणीत. दोघंही एकाच दिवशी पॉझिटिव्ह आले. डॉक्टरांनी आईला पाच दिवसांच्या विषाणूविरोधी गोळ्या लिहून दिल्या आणि मुलाला नुसती पॅरासिटामॉल. घरात मागच्या खेपेची आयव्हरमेक्टिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि स्टेरॉइडची अर्धी स्ट्रिप पडून आहे. ती सुरू करावी का, खरं काम करणारं औषध कोणतं, आणि एकाच घरात एकाच आजाराला दोन उपचार कसे?

डॉक्टरांनी बरोबर केलंय. उरलेल्या गोळ्यांतली एकही घेऊ नका, आणि स्टेरॉइड तर मुळीच नको. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला आजही वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा २०२० सालची चिठ्ठी असते.

कोविड हा एकामागून एक येणारा दोन टप्प्यांचा आजार आहे, हे आधी नीट समजून घ्या. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसाच्या पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढत असतो. ताप, अंगदुखी, घसा धरणं हे सगळं या काळातलं. बहुतेकांचा आजार इथेच संपतो. थोड्या लोकांत साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दुसरा टप्पा सुरू होतो. विषाणूचा जोर तोवर ओसरायला लागलेला असतो, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा आवरत नाही. फुप्फुसाला सूज येते, रक्तात गुठळ्या होऊ लागतात, ऑक्सिजन खाली येतो. पहिल्या टप्प्यात विषाणूला अडवणारं औषध हवं, दुसऱ्यात शरीराची प्रतिक्रिया दाबणारं. ही अदलाबदल केली तर उत्तम औषधही निरुपयोगी ठरतं, कधी घातकही.

याचा सगळ्यात पक्का पुरावा स्टेरॉइडचाच आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे तिचे प्रमुख. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं संगणकाने वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि २८ दिवसांनी कोण जिवंत आहे एवढंच मोजलं. प्रश्न साधा आणि रुग्ण हजारोंनी, म्हणून उत्तरं लवकर मिळाली. जूनच्या मध्यापर्यंत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल हाती होता. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आलं. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात? औषध न घेतलेल्यांत १४ टक्के, घेतलेल्यांत १७.८ टक्के. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही, पण फायद्याचा मागमूस नव्हता आणि काटा उलट्या बाजूला झुकला होता.

जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं औषध एका रुग्णाला वाचवतं आणि दुसऱ्याला बहुधा नडतं; दोघांत फरक फक्त ऑक्सिजन लागतो की नाही एवढाच. पुढे याच चाचणीत जादा डोसही तपासला. ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा साधा ऑक्सिजन पुरणाऱ्या रुग्णांना २० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, तर मृत्यू १२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेले. तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. ‘थोड्याने गुण आला तर जास्तीने अधिक येईल’ हा हिशेब इथे साफ चुकतो.

घरच्या घरी स्टेरॉइड घेण्यातली मोठी अडचण म्हणजे ते फसवं आहे. ताप उतरतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. रुग्ण म्हणतो, बघा, गुण आला. आत मात्र विषाणूला रोखणारी यंत्रणाच ऐन कामाच्या वेळी मंदावलेली असते, आणि ताप नसल्यामुळे आजार वाढतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात मधुमेही माणूस असेल तर शुगर एक-दोन दिवसांत कुठल्या कुठे जाते. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसची जी साथ दिसली, तिच्यामागे अनियंत्रित शुगर आणि अवेळी, अवाजवी स्टेरॉइड ही जोडी ठळक होती. तुमच्या आईसाठी ती अर्धी स्ट्रिप घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. (दम्यासाठी किंवा संधिवातासाठी जे आधीपासून रोज स्टेरॉइड घेतात त्यांनी मात्र ते स्वतःहून एकदम बंद करायचं नसतं, ती वेगळी गोष्ट.)

रुग्णालयात दुसऱ्या टप्प्यातल्या गंभीर रुग्णाला स्टेरॉइडच्या जोडीला टॉसिलिझुमॅब किंवा बॅरिसिटिनिब देतात. दोन्ही मूळची संधिवाताची औषधं. ‘रिकव्हरी’त टॉसिलिझुमॅबने मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आणले, बॅरिसिटिनिबने १४ वरून १२ टक्क्यांवर. गुठळ्या टाळायला हेपरिन देतात. त्याचा डोस रुग्ण वॉर्डात आहे की अतिदक्षता विभागात यावर ठरतो, आणि गंमत अशी की पूर्ण डोसचा फायदा कमी आजारी रुग्णांत दिसला, अतिगंभीर रुग्णांत दिसला नाही. हे सगळं रुग्णालयाच्या आतलं काम आहे. घरी त्याचा विचार करायचं कारण नाही.

आता आईच्या गोळ्या. वर्णनावरून त्या निरमाट्रेलव्हिर आणि रिटोनाव्हिरच्या आहेत. पॅक्सलोव्हिड हे त्यांचं मूळ व्यापारी नाव. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, पाच दिवस. तिनांतल्या दोन निरमाट्रेलव्हिरच्या, प्रत्येकी १५० मिलिग्रॅम, आणि एक रिटोनाव्हिरची, १०० मिलिग्रॅम. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरला की आपली प्रथिनं एका लांब सलग साखळीत तयार करून घेतो आणि मग एका एन्झाइमने तिचे तुकडे पाडतो. हे तुकडे पडले नाहीत तर नवा विषाणू तयार होत नाही. निरमाट्रेलव्हिर नेमकं त्या एन्झाइमला निकामी करतं. पण आपलं यकृत निरमाट्रेलव्हिरला झपाट्याने मोडून टाकतं, म्हणून सोबत रिटोनाव्हिर. त्याचं इथे विषाणूवर काही काम नाही. यकृताचा तो मोडणारा एन्झाइम थोपवून धरायचा एवढंच.

सगळी गोम इथेच आहे. तोच एन्झाइम इतर अनेक औषधंही मोडत असतो. त्याला थोपवलं की ती औषधं रक्तात साचतात. म्हणून या गोळ्या लिहिण्याआधी मी रुग्णाला घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगतो, तोंडी यादीवर भागवत नाही. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन असेल तर ती थांबवावीच लागते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही तेवढ्या दिवसांपुरती सहसा थांबवतात. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं अ‍ॅमिओडॅरोन चालू असेल तर या गोळ्या देऊच नयेत. रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्साबॅनमुळे रक्तस्राव होऊ शकतो. क्लोपिडोग्रेलचं उलटं आहे: त्याचा परिणाम कमी होतो, त्यामुळे नुकताच स्टेंट बसवलेला असेल तर दुसरा मार्ग शोधावा लागतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांचं टॅक्रोलिमस विषारी पातळीला जाऊ शकतं. फिटांसाठी कार्बामाझेपिन किंवा टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृताचा एन्झाइम उलट इतका जोरात चालतो की निरमाट्रेलव्हिरच टिकत नाही. ती बंद करूनही लगेच उपयोग होत नाही, परिणाम कित्येक दिवस राहतो.

आईच्या बाबतीत एवढ्या दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या: बाकीच्या कुठल्या गोळ्या या पाच दिवसांत थांबवायच्या, आणि अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट किती होता. मधुमेहात मूत्रपिंड हळूहळू मंदावतं आणि ते वरून दिसत नाही. मध्यम बिघाड असेल तर निरमाट्रेलव्हिरची प्रत्येक वेळी एकच गोळी द्यायची असते. तोंडाला कडवट, धातूसारखी चव येईल, पोट थोडं बिघडेल. तेवढ्यावरून कोर्स सोडायचा नाही.

फायदा किती? मूळ चाचणीत लस न घेतलेले आणि धोक्याच्या गटातले रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के रुग्णालयात गेले किंवा दगावले; नुसती दिसायला तशी गोळी मिळालेल्यांपैकी ६.३ टक्के. आकडा जबरदस्त आहे. पण नंतर लस घेतलेल्या किंवा फारसा धोका नसलेल्या लोकांवर दुसरी चाचणी झाली, तिच्यात लक्षणं काही लवकर गेली नाहीत आणि रुग्णालयात जाण्यातला फरकही ठामपणे सिद्ध झाला नाही. औषध तेच, डोस तोच. बदलला तो घेणारा माणूस.

मुलाला ते का दिलं नाही याचं उत्तर यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या शेवटी रुग्णांचे तीन गट केले. प्रतिकारशक्ती मुळातच दबलेली असेल तर रुग्णालयात जाण्याची शक्यता साधारण ६ टक्के. वय ६५ च्या वर, मधुमेह, स्थूलपणा, हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचे जुने आजार यांपैकी काही असेल तर ३ टक्के. बाकी सगळे ०.५ टक्क्यावर. समजा औषधाने हा धोका निम्मा होतो, तर मुलासारख्या ४०० जणांनी पूर्ण कोर्स घेतल्यावर एकाचं रुग्णालयात जाणं टळेल. उरलेल्या ३९९ जणांच्या वाट्याला कडू तोंड, पोटाच्या तक्रारी आणि इतर औषधांशी होणारे झगडे. म्हणून त्याला पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. यात हयगय नाही. त्याच्या वयाला आणि प्रकृतीला हाच उपचार योग्य आहे.

निरमाट्रेलव्हिर देता येत नसेल तर पुढचा पर्याय रेमडेसिव्हिर. याच्याइतकी चुकीच्या वेळी वापरली गेलेली औषधं थोडी असतील. एकेकाळी लोकांनी त्यासाठी रात्र-रात्र वणवण केली, आणि बहुधा अशा रुग्णासाठी जो व्हेंटिलेटरपर्यंत पोचला होता. तिथे त्याचा उपयोग दिसलेला नाही. अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या चाचणीत बरं व्हायला १५ ऐवजी १० दिवस लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीच्या २०२० च्या निकालात मृत्यूंवर फरक दिसला नाही. मात्र धोक्याच्या गटातल्या, लस न घेतलेल्या आणि रुग्णालयात न आलेल्या लोकांना लक्षणांच्या पहिल्या सात दिवसांत सलग तीन दिवस शिरेतून दिलं, तेव्हा रुग्णालयात जाणं ८७ टक्क्यांनी घटलं. विषाणूच्या प्रती काढण्याचं काम थांबवणारं औषध आहे, तर ते प्रती निघत असतानाच द्यायला हवं, यात नवल काय? अडचण सोयीची आहे: तीन दिवस रोज सलाईन लावायला कुठेतरी जावं लागतं.

मोल्नुपिराव्हिर तिसऱ्या क्रमांकावर, आणि दोघांच्या बरंच मागे. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाला चुकीची अक्षरं पुरवावीत आणि शेवटी पोथीच वाचता येऊ नये, तसं ते विषाणूच्या जनुकांत चुका पेरत जातं. सुरुवातीच्या चाचणीत रुग्णालयात जाणं किंवा मृत्यू ९.७ वरून ६.८ टक्क्यांवर आले. नंतर ब्रिटनमध्ये, बहुतेक सगळे लस घेतलेले असताना, २५,००० हून अधिक लोकांवर ते तपासलं तेव्हा बरं वाटायला दिवस कमी लागले, पण रुग्णालयात जाणं टळलं नाही. गरोदरपणात ते देत नाहीत. दुसरं काहीच देता येत नसेल तरच मी त्याचा विचार करतो.

तयार अँटिबॉडींची इंजेक्शनं आपल्या काळात उत्तम होती, पण ती विषाणूच्या बाहेरच्या काट्यावर नेम धरतात आणि काटा बदलत राहतो. ओमायक्रॉन आल्यावर बहुतेक निकामी झाली.

आता तुमच्या कपाटातल्या बाकीच्या दोन गोळ्या, आणि त्यांच्यासोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कारण तिघांची कहाणी एकाच जातीची आहे. प्रयोगशाळेच्या बशीत क्लोरोक्विनने विषाणू थांबवला, हे खरंच होतं. पण त्या पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. त्यांत विषाणू ज्या वाटेने शिरतो ती वाट क्लोरोक्विन बंद करतं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत तो दुसऱ्या दाराने शिरतो. त्या पेशींवर २०२० मध्येच तपासलं तर क्लोरोक्विनचा काही परिणाम झाला नाही. ‘रिकव्हरी’त हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांपैकी २७ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी २५ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये दिलेली तातडीची परवानगी जूनमध्ये मागे घेतली.

आयव्हरमेक्टिनचं तेच. बशीत विषाणू मेला, पण त्यासाठी जितकं औषध लागलं त्याच्या जवळपास माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने कधीच पोचत नाही. पुढे काही छोट्या अभ्यासांनी चमत्कारिक आकडे दिले. त्यांतला सगळ्यात गाजलेला लेख आकडेवारीत गंभीर विसंगती सापडल्यावर जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर नीट चाचणी झाली, फायदा आढळला नाही. जंतांवर आणि खरजेवर हे उत्कृष्ट औषध आहे, त्याबद्दल वाद नाही. एक बारकावाही सांगून टाकतो: जमिनीतून पायाच्या त्वचेवाटे शिरणारा एक बारीक कृमी काही भागांत अनेकांच्या आतड्यात वर्षानुवर्षं दडून असतो, आणि स्टेरॉइड दिल्यावर तो शरीरभर पसरू शकतो. तिथे स्टेरॉइड देताना आयव्हरमेक्टिन दिलं जातं. पण ते कृमीसाठी.

अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूंवर चालतं, कोविड विषाणूचा आहे. चाचण्यांत घरच्या रुग्णांनाही उपयोग झाला नाही, रुग्णालयातल्यांनाही नाही. काही लोकांत ते हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडवतं. छातीचा फोटो आणि तपासण्या पाहून जिवाणूंचा न्यूमोनिया वर बसलाय असं डॉक्टरांना वाटलं तर अँटिबायोटिक लागतं. उगाच खबरदारी म्हणून नाही. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा, कोल्चिसिन, लोपिनाव्हिर हे सगळं मोठ्या चाचण्यांत तपासून बाजूला पडलं. झिंक आणि क जीवनसत्त्वानेही आजार लवकर आटोपत नाही.

घरी काय पाहायचं ते सांगतो. दिवस मोजताना पहिलं लक्षण दिसलं तो दिवस धरा, चाचणीचा नाही. पाच आणि सात दिवसांच्या मुदती तिथूनच सुरू होतात. आईचा ऑक्सिजन दिवसातून तीन-चार वेळा पाहा. नखाला रंग नको, बोट गार नको, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट थांबा. बसून ९६ असला तरी खोलीत सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहा. तीन-चारने घसरला, किंवा बसल्या जागी ९४ च्या खाली आला, तर वाट पाहू नका. कोविडमध्ये ऑक्सिजन खाली येऊनही माणूस निवांत गप्पा मारत असतो, त्यामुळे ‘आई तर बरी दिसतेय’ यावर विसंबू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसांत जास्त डोळ्यांत तेल घालून पाहायचं. शुगर रोज तपासायची. बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. त्या बंद केल्याने कोविडमध्ये फायदा होतो ही समजूत चाचण्यांनी खोडून काढली आहे. फक्त निरमाट्रेलव्हिरसोबत अ‍ॅम्लोडिपिन असेल तर बीपी थोडं जास्त उतरू शकतं, चक्कर आली तर मोजून डॉक्टरांना कळवा. तापाला दोघांनीही पॅरासिटामॉल, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन कोविडमध्ये घातक ठरलेलं नाही, पण मधुमेही मूत्रपिंडाला ते सोसत नाही, म्हणून आईला नको.

गोळ्या संपल्यावर दोन-चार दिवसांनी पुन्हा सर्दी, खोकला, बारीक ताप आला आणि चाचणी परत पॉझिटिव्ह निघाली तर घाबरू नका. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनाही जुलै २०२२ मध्ये या गोळ्यांनंतर असंच झालं होतं. औषध न घेतलेल्यांतही अशी उलटी लहर दिसते. ती बहुधा सौम्य असते आणि दुसरा कोर्स सहसा लागत नाही. तेवढे दिवस आईने वेगळ्या खोलीत राहावं, मास्क लावावा, ऑक्सिजन पुन्हा मोजायला लागावं. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा दम लागला, तर तो आजाराचा दुसरा टप्पा असू शकतो. मग फोनवर विचारत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.